पाणी इथवर आलं होतं

वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला असताना आम्ही नऊ जण सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमासाठी इटलीत फ्लॉरेन्सला गेलो होतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत. सकाळी वर्ग, दुपारनंतर मोकळीक. कोल्हापूरहून निघताना माझ्या वहीत ६२ ठिकाणांची यादी होती. परतले तेव्हा त्यातली निम्मीही पाहून झाली नव्हती. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच एका गोष्टीचं, ती शेवटी सांगते. यंदा जाणाऱ्या मुलामुलींनी विचारलं, म्हणून हे अनुभवाचे चार शब्द.

१. रोजच्या वाटेवरची एक जागा धरा आणि तिच्याकडे पुन्हा पुन्हा जा.

माझी खोली आर्नो नदीच्या पलीकडे होती, वर्ग अलीकडे. मधे सांता त्रिनिता नावाचा पूल. पहिला आठवडाभर मी त्यावर उभी राहून शेजारच्या पोंते वेक्कियोचे, म्हणजे सोनारांच्या दुकानांच्या त्या प्रसिद्ध पुलाचे फोटो काढत होते. ज्यावर उभी होते त्याच्याकडे लक्षच नव्हतं. मग सरांनी तोच पूल रेखाटायला दिला.

तीन चपट्या कमानी. दिसायला सोप्या, पण कागदावर काही केल्या उतरेनात. कंपास लावला तर वर्तुळ जुळेना, लंबवर्तुळही बसेना. नऊ वेळा काढल्या. त्या नऊ दुपारींत पुलाची गोष्ट कळत गेली. वास्तुकार अम्मानातीने हा पूल १५६९ साली पुरा केला. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पोंते वेक्कियो सोडून शहरातले बाकी सगळे पूल उडवले, त्यात हाही गेला. गावाने नदीतून जुने दगड वर काढले आणि पूल होता तसाच पुन्हा उभा केला. १९५८ साली तो खुला झाला. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार ऋतूंचे पुतळे आहेत. त्यांतल्या वसंताचं डोकं मात्र सापडत नव्हतं. ते १९६१ साली नदीच्या तळातून मिळालं आणि धडावर बसवलं. हे कळल्यावर मी त्या पुतळ्यापाशी थांबल्याशिवाय कधी पुढे गेले नाही.

२. स्थानिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्या.

तिकीट काढलं म्हणजे झालं, असं मला वाटलं होतं. सिएनाला जाताना तपासनीस आला. तिकीट हातात होतं, पण त्यावर शिक्का नव्हता, म्हणून दंड भरावा लागला. दोन दिवसांच्या जेवणाचे पैसे गेले, डोळ्यांत पाणी आलं. सिएनात पोचल्यावर कुठल्याच तिकिटाच्या रांगेत उभं राहायची ताकद नव्हती. तिथल्या काम्पो चौकात जमिनीवर बसून राहिले. शिंपल्यासारखा उतरता विटांचा चौक, त्याचे पांढऱ्या दगडी पट्ट्यांनी पाडलेले नऊ भाग. एके काळी सिएनावर नऊ जणांचं मंडळ राज्य करत होतं, त्याची ती खूण. चार तास बसले. उन्हाबरोबर सरकत सरकत माणसं चौकाच्या एका कडेकडून दुसरीकडे जात होती. चौकाचा उतार कशासाठी असतो, हे मला तिथे पाठ टेकल्यावर समजलं. मग संध्याकाळी कथीड्रलच्या बाजूची ती प्रचंड अपुरी भिंत पाहिली. देऊळ दुप्पट मोठं करायला घेतलं आणि १३४८ च्या प्लेगात ते काम थांबलं. ती भिंत आजही तशीच उभी आहे.

३. फ्लॉरेन्समध्ये घरांना दोन प्रकारचे आकडे असतात.

लाल आकडा दुकानांचा, काळा किंवा निळा राहत्या घरांचा, आणि दोन्ही रांगा वेगवेगळ्या चालतात. त्यामुळे एकाच रस्त्यावर दोन २४ नंबर असू शकतात, तेही एकमेकांपासून बरेच लांब. पत्त्यात आकड्यापुढे ‘आर’ हे अक्षर असेल तर लाल आकडा शोधायचा. हे आधी कुणी सांगितलं असतं तर जलरंगाच्या कागदासाठी माझी एक अख्खी दुपार गेली नसती.

४. घुमट बाहेरून पाहिलात तरी आतून चढाच.

४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, वेळ आधी नोंदवावी लागते. सांता मारिया देल फिओरे या तिथल्या कथीड्रलच्या घुमटाला दोन कवचं आहेत आणि जिना त्या दोहोंच्या मधून जातो. वरच्या टप्प्यात अंग चोरून चढताना भिंत नाकासमोर येते, आणि तिथे विटा दिसतात. आडवे थर चाललेत, आणि ठरावीक अंतराने एक वीट उभी. ती उभ्या विटांची रांग तिरपी तिरपी वर चढत जाते, माशाच्या काट्यासारखी. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात हा घुमट जमिनीपासून लाकडी आधार न उभारता बांधला. घुमट आत कलायला लागला की ओल्या चुन्यावरच्या विटा घसरणार. मग पुस्तकांच्या रांगेला दोन्ही टोकांनी टेकू द्यावा, तशा या उभ्या विटा मधल्या आडव्या विटांना धरून ठेवतात, थराचं कडं पूर्ण होईपर्यंत. पुस्तकात ही आकृती मी तीनदा वाचली होती. त्या विटेवर हात ठेवला तेव्हा ती लावणारा गवंडी डोळ्यांपुढे आला.

५. दुपारी बरीच लहान चर्चं बंद असतात. ती वेळ जेवणाला द्या.

कॉफी उभ्याने प्यायलीत तर स्वस्त पडते. तिथल्या पावात मीठ नसतं, त्याची सवय व्हायला आठवडा लागतो. त्याच शिळ्या पावाचं, घेवड्याचं आणि काळपट कोबीच्या पानांचं ‘रिबोल्लिता’ नावाचं दाट सूप मिळतं. शाकाहारी मुलांनी तेवढं विचारून घ्यावं. घराची आठवण आली की मी तेच घ्यायचे.

६. भिंतींकडे मान वर करून पाहा, आणि वयस्कर माणसांना विचारा.

सांता क्रोचे भागात घरांच्या भिंतींवर माझ्या डोक्याच्या कितीतरी वर लहान पाट्या दिसतात. त्यांवर एक आडवी रेघ आणि तारीख : ४ नोव्हेंबर १९६६. आर्नोचं पाणी इथवर आलं होतं.

आमच्या घरमालकीणबाई तेव्हा १६ वर्षांच्या होत्या. ४ नोव्हेंबरच्या संध्याकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि टेबलावर एक शब्दकोश ठेवला, त्यांचा शाळेतला. पानं फुगून पंख्यासारखी उघडी राहिली होती. कडेला तपकिरी पट्टा, आणि त्यावर एक काळी, तेलकट रेघ. थंडीचे दिवस होते, घरं उबदार ठेवायचं तेल तळघरांतल्या टाक्यांत भरलेलं होतं. टाक्या फुटल्या आणि ते तेल पाण्यावर पसरलं. भिंतींवरचा चिखल निघाला, तेल निघेना, असं त्या म्हणाल्या. नदीकाठच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली पुस्तकं हातोहात बाहेर काढायला देशोदेशींची तरुण मुलं आली. लोक त्यांना ‘चिखलातले देवदूत’ म्हणू लागले. त्या माणसांच्या साखळीत आमच्या मालकीणबाईही होत्या. “पुस्तक पुढे द्यायचं, मागचं घ्यायचं. कुठलं पुस्तक, कुणाचं, काही कळत नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी मी सांता क्रोचेच्या चर्चमध्ये चिमाबुए या चित्रकाराने रंगवलेला क्रूसावरचा ख्रिस्त पाहायला गेले. पुरात त्याचा बहुतेक रंग वाहून गेला. दुरुस्ती करणाऱ्यांनी गेलेला भाग नव्याने चितारला नाही. तिथे बारीक बारीक रेघा ओढून असा रंग दिला, की लांबून चित्राचा तोल राहतो आणि जवळ गेल्यावर गेलेलं गेलेलं दिसतं. एका गावाने पूल होता तसाच परत बांधला, आणि त्याच गावाने चित्राची जखम उघडी ठेवली. यातलं बरोबर कुठलं, यावर आम्ही नऊ जण रात्री दोनपर्यंत भांडलो. माझं मत आजही असं आहे की पूल वापरायचा असतो, म्हणून तो परत हवाच होता. चित्राने मात्र काय सोसलं ते सांगायला हवं.

२०१९ साली पंचगंगेचं पाणी मावशीच्या घरात छातीपर्यंत आलं होतं. दिवाळीच्या आधी आम्हीच सगळ्यांनी मिळून ती भिंत घासली आणि रंग दिला. रेघेचा एक फोटोसुद्धा कुणी काढला नाही.

७. निघण्यापूर्वी आपल्या गावाचा त्या गावाशी काही संबंध आहे का, ते शोधा.

मी ते केलं नाही, आणि याचंच मला वाईट वाटतं. पाचव्या आठवड्यात आज्जीने फोनवर विचारलं, “अगं, आपले राजाराम महाराज तिकडंच कुठंतरी गेले ना?” तेव्हा शोधलं. कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले. ३० नोव्हेंबरला ते वारले. अवघे २० वर्षांचे होते, माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान. दहनाची तिथे रीत नव्हती. खास परवानगी काढून रात्रीच्या वेळी आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला.

ती जागा कशिने बागेच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. ट्रामने बागेच्या तोंडाशी उतरले आणि नदीकाठाने तासभर चालत गेले. झाडं संपता संपता एक छत्री दिसली, आपल्याकडची असते तशीच. तिच्याखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा, पगडी घातलेला, चेहरा अगदी कोवळा. हे स्मारक १८७४ चं. त्याचा आराखडा मेजर मँटचा, ज्याने पुढे आमचा न्यू पॅलेस आखला. शाळेत असताना त्या पॅलेसवरून मी रोज सायकलने जात होते. शेजारून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक आजही ‘इंडियनचा पूल’ म्हणतात. रोज त्यावरून हजारो गाड्या जातात.

तोवर माझ्याकडे चारच दिवस उरले होते. त्यातल्या दोन दुपारी तिथे जाऊन छत्री रेखाटली, खांब मोजले. दुसऱ्या दुपारी आज्जीला व्हिडिओ कॉल लावला. ती बराच वेळ काही बोललीच नाही.

“लेकरू होतं गं,” मग म्हणाली. “पाणी आहे का तिथं जवळ?”

“आहे. दोन नद्या मिळतात इथं.”

“आपल्या प्रयाग चिखलीगत?”

“हो.”

“दाखव,” ती म्हणाली. मी काठावर गेले आणि फोन पाण्याकडे वळवला.