धोक्याची ओळ आधी लिहा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी आणि प्रोसेसरही साधारण २०१८ पासूनचा हवा. त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी संगणक बाजूला पडायची वेळ आली. अशा संगणकांवर विंडोजऐवजी उबुंटू किंवा लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम बसवली, की ते आणखी काही वर्षं नीट काम देतात. शाळा आणि वाचनालयांसाठी हे काम मी करतो, मनापासून करतो. या कामात पाहिलेलं सर्वांत मोठं नुकसान मात्र सूचनांच्या एका कागदाने केलेलं होतं.

एका संस्थेने आसपासच्या शाळांना उबुंटूचा पेनड्राइव्ह आणि सोबत दोन पानी सूचना वाटल्या होत्या. हेतू उत्तम होता. तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत बाईंनी तो कागद समोर ठेवून ऑफिसातल्या संगणकावर काम सुरू केलं. मधल्या एका पायरीवर लिहिलं होतं, ‘इन्स्टॉलेशनचा प्रकार निवडा व पुढे जा.’ पडद्यावर दोन पर्याय होते : विंडोजच्या शेजारी उबुंटू बसवणं, किंवा संपूर्ण डिस्क पुसून बसवणं. कोणता निवडायचा हे कागदावर नव्हतं. शेजारी चित्र होतं, त्यात दुसरा पर्याय निवडलेला दिसत होता. कारण ते चित्र कुणीतरी रिकाम्या संगणकावर काढलेलं होतं. बाईंनी चित्राप्रमाणे केलं. पान उलटल्यावर, दुसऱ्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत टीप होती : ‘वरील पायरीत डिस्कवरची सर्व माहिती नष्ट होते. आधी बॅकअप घ्यावा.’ बाई त्या टिपेपर्यंत पोचल्या तेव्हा डिस्क पुसून झाली होती आणि पडद्यावरची पट्टी भरत चालली होती.

प्रश्नपत्रिका, तोंडी परीक्षांचे गुण, गॅदरिंगचे फोटो, मुलांच्या हस्तलिखिताची स्कॅन केलेली पानं, सगळं त्याच डिस्कवर होतं. मला फोन आला. मी पहिल्यांदा एवढंच सांगितलं, की संगणक बंद करा आणि मी येईपर्यंत कुणालाही चालू करू देऊ नका. नंतर फोटोरेक नावाच्या मोफत प्रोग्रामने बऱ्याच फायली बाहेर काढल्या. जुनी हार्ड डिस्क होती म्हणून तेवढं तरी जमलं. एसएसडी असती तर आशा फारच कमी होती. पण फोटोरेक फाइलचं मूळ नाव आणि फोल्डर परत देत नाही. आकड्यांच्या नावांच्या फायलींचा ढीग समोर आला. कोणती प्रश्नपत्रिका कोणत्या वर्षाची, हे एकेक उघडून पाहावं लागलं. ज्या जागेवर नवी सिस्टीम लिहिली गेली, तिथलं तर काहीच हाती आलं नाही.

बाई सारखं म्हणत होत्या, ‘सर, मीच आधी सगळं वाचायला हवं होतं.’ मला हे पटत नाही. सूचनांचा कागद हातात धरून काम करणारा माणूस एक ओळ वाचतो, तेवढं करतो, मग पुढची ओळ वाचतो. तो असाच वागणार हे धरून चालणं हे लिहिणाऱ्याचं काम आहे.

म्हणून अशा सूचना लिहिणाऱ्यांना माझी पहिली विनंती : जी पायरी मागे घेता येत नाही, तिचा इशारा त्या पायरीच्या वर, त्याच पानावर आणि ठळक अक्षरांत लिहा. त्या इशाऱ्यात नेमकं काय जाणार तेही सांगा. ‘काळजीपूर्वक करा’ या शब्दांनी कुणाचीही फाइल वाचलेली नाही. पेनड्राइव्ह तयार करतानाही त्यावरचं सगळं पुसलं जातं. तिथेही हेच लागू. बिटलॉकर हे विंडोजचं डिस्क-कुलूप चालू असलेल्या संगणकावर सिक्युअर बूटची सेटिंग बदलली, की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती की बदल करण्यापूर्वीच कागदावर उतरवून घ्यायला सांगा. पडद्याने ती मागितल्यावर सांगून काय उपयोग?

प्रत्येक पायरीनंतर पडद्यावर काय दिसायला हवं, हेही लिहा. नवख्या माणसाची खरी घालमेल तिथे होते. आपलं बरोबर चाललंय की नाही, हे त्याला कळत नसतं. ‘आता जांभळट पडदा आणि भाषांची यादी दिसेल. तसं न दिसता विंडोजच सुरू झालं, तर बूट मेन्यूची कळ वेळेवर दाबली गेली नाही. संगणक बंद करून पुन्हा करा’ एवढ्या दोन ओळींनी माणूस मार्गाला लागतो. आणि ती कळ कोणती? ‘बूट मेन्यू उघडा’ एवढं पुरत नाही. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक संगणकांवर एफ१२, एचपीवर एफ९, हे लिहायला एक ओळ लागते. पट्टी बराच वेळ एकाच जागी थांबल्यासारखी दिसू शकते, तेव्हा बटण दाबून संगणक बंद करू नका, हेही आधीच सांगायला हवं. लोक घाबरून वीज काढतात आणि अर्धवट बसलेली सिस्टीम घेऊन बसतात.

चित्रांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. चित्र उपयोगी असतं, पण वाचणारा ओळीपेक्षा चित्रावर जास्त विश्वास ठेवतो. उबुंटू २२.०४ चा इन्स्टॉलर आणि २४.०४ चा इन्स्टॉलर यांचे पडदे वेगळे आहेत. जुनी चित्रं लावलेला कागद नव्या आवृत्तीसोबत दिला, तर माणूस दुसऱ्याच पडद्यावर अडकतो. म्हणून कागदाच्या माथ्यावर आवृत्ती आणि तारीख हवी; सुमारे सहा जीबीची फाइल उतरवावी लागेल, लॅपटॉप चार्जरला जोडलेला असू द्या, या गोष्टीही तिथेच. बटणाचं नाव पडद्यावर ज्या अक्षरांत दिसतं, त्याच अक्षरांत छापा.

टर्मिनलमध्ये कमांड लिहायची असेल तर ती साध्या टेक्स्ट फाइलमध्ये द्या. वर्ड आपणहून सरळ अवतरणचिन्हं वळणदार करतं, जोडून दिलेल्या दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ करतं. अशी कमांड चिकटवली की एरर येते, आणि डोळ्यांना तर सगळं बरोबरच दिसतं. सूचनांत ओळीच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह छापलेलं असतं. ते टाइप करायचं नसतं, हे जाणकाराला सांगावं लागत नाही, बाकी सगळ्यांना लागतं.

उबुंटू न बसवता, पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतं. कागदात ही पायरी बसवण्याच्या आधी ठेवा. वायफाय लागतंय का, प्रिंटर चालतोय का, मराठी टाइप होतंय का, हे डिस्कला हात न लावता कळतं. नाही जमलं तर पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा चालू करायचा, विंडोज होतं तसं आहे. परत फिरायची वाट कुठपर्यंत उघडी आहे, हे प्रत्येक टप्प्यावर लिहिलेलं असलं, तर लोक हे काम न घाबरता करतात.

आता मी कोणताही कागद वाटण्यापूर्वी तो एखाद्या कारकुनाच्या किंवा ग्रंथपालाच्या हातात देतो, ज्यावर काही डेटा नाही अशा संगणकासमोर बसवतो आणि मागे खुर्ची टाकून गप्प बसतो. गप्प बसणं अवघड जातं. तोंडापर्यंत येतं, ‘अहो, ते नाही, खालचं!’ पण ते वाक्य मी बोललो, तर कागदातली उणीव झाकली जाते. बाईंच्या ऑफिसात मागे कुणी बसलेलं नव्हतं. समोरचा जिथे थांबतो, मागे वळून पाहतो किंवा तीच ओळ पुन्हा वाचतो, तिथे मी पेन्सिलीने खूण करतो. मग ती ओळ बदलायची आणि दुरुस्त कागद तिसऱ्याच माणसाच्या हातात द्यायचा. पहिल्याला आता रस्ता ठाऊक झालेला असतो.