मुठेकाठच्या प्रकल्पाआधी

चिपळूण

चि. शर्वरी हिस,


तुझ्या प्रकल्पाचा मसुदा वाचला. बी.एस्सी.च्या चौथ्या वर्षाचं संशोधन नदीतल्या माशांवर करायचं तू ठरवलंस, याचा मला किती आनंद झाला ते तुझ्या आईला विचार. कौतुक तिच्याकडूनच ऐक. मी प्राणिशास्त्र शिकवण्यात सगळी नोकरी घालवलेला माणूस, हातात मसुदा आला की मला लाल शाई लागते.

'पुणे जिल्ह्यातील नद्यांच्या मत्स्यजैवविविधतेचा अभ्यास' हे शीर्षक आधी खोड. भीमा, नीरा, घोड, कुकडी, इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा. एकट्या मुठेलाच आंबी आणि मोसे येऊन मिळतात, आणि तिघींवरही धरणं आहेत. सत्र परीक्षा सांभाळून एका वर्षात हे कोण करणार? असल्या शीर्षकाचं पुढे काय होतं ते मी पुष्कळ पाहिलंय. चार ठिकाणी एकेकदा जाऊन यायचं, मासळी बाजारात फोटो काढायचे आणि उरलेली यादी जुन्या प्रबंधातून उतरवायची. त्या यादीत रोहू, कटला, मृगळ हटकून असतात. हे तिन्ही मासे मुळात गंगेकडचे. आपल्या धरणांत ते बीज सोडून वाढवलेले, आणि बाजारातल्या पाटीत तर बरेचदा आंध्रातल्या तळ्यांतून बर्फात बसून आलेले. त्यांना 'मुठेची जैवविविधता' म्हणून पास करणारे परीक्षकही भेटतात, पण म्हणून तू तसं लिहू नयेस.

तिसऱ्या पानावर 'नवीन प्रजाती आढळण्याची दाट शक्यता आहे' असं वाक्य आहे, तेही काढ. सह्याद्रीत नवे मासे अजून सापडतात हे खरं. पण एखादा मासा नवा म्हणायचा तर जुने सगळे आधी हाताखालून गेलेले असावे लागतात. अंगावरच्या रेषेतले खवले मोजायचे, परांतले काटे मोजायचे, मूळ वर्णन ज्या नमुन्यावरून झालं तो कुठल्या संग्रहालयात पडलाय ते शोधायचं, आणि आता वर डीएनए. आधी कळस मग पाया असं होऊ देऊ नकोस.

मग काय करायचं? माझं ऐकशील तर मळ्या घे.

हसू नकोस. मळ्याला कुणी भाव देत नाही, म्हणूनच तो तुझ्या कामाचा आहे. मुठा खोऱ्यातल्या वाहत्या ओढ्यात, गुडघाभर पाण्यात, दगडांच्या आसपास तो हमखास मिळेल. बोटभर लांब, अंगानं गोलसर, पोटाकडून चपटा. तोंड खालच्या बाजूला आणि त्याच्या मागे, हनुवटीच्या जागी, मांसल चकती. त्या चकतीच्या जोरावर तो धारेतल्या दगडाला धरून राहतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. पोट उघडलंस की घड्याळाच्या कमानीसारखं गुंडाळलेलं आतडं दिसेल. ते हलक्या हातानं सोडव आणि दोरा लावून मोज. शरीराच्या कितीतरी पट भरेल. उलट मरळ चिरून बघ, तिचं आतडं आखूड, कारण मांस पचवायला एवढी नळी लागत नाही. मोजताना आतडं ताणलंस की ते लांबतं आणि आकडा खोटा पडतो, म्हणून ताज्या माशाचंच मोजायचं आणि सगळे एकाच हातानं मोजायचे. एक दिवस तू, एक दिवस मैत्रीण, असं नको. मग आतड्यातला थेंबभर ऐवज काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धर. शेवाळातल्या डायटमची कवचं सिलिकाची असतात, ती पचत नाहीत. होडीच्या आकाराची, सुईसारखी, गोल, नक्षीदार, तऱ्हेतऱ्हेची दिसतील. कुठल्या जातीची किती ते मोजता येतं. कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकावर एवढं निभतं.

आता प्रश्न. 'मळ्याचा अभ्यास' हा प्रश्न नव्हे. 'खळाळातल्या दगडांवरचा मळ्या आणि त्याच ओढ्यातल्या डोहाकाठचा मळ्या एकच अन्न खातात का?' हा प्रश्न. याचं उत्तर हो आलं तरी कामाचं, नाही आलं तरी कामाचं. उत्तर काहीही आलं तरी ज्यात हात रिकामा राहत नाही, पदवीच्या मुलानं असाच प्रश्न घ्यावा.

छोट्या प्रश्नाची लाज वाटू देऊ नकोस. पुण्यातच गरवारे महाविद्यालयात मिलिंद वाटवे शिकवत असत. त्यांनी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी वेड्या राघूवर केलेलं काम 2002 साली 'ॲनिमल कॉग्निशन' या नियतकालिकात आलं. कल्पना अशी, की घरट्याजवळ माणूस उभा करायचा, कधी त्याला घरट्याचं तोंड दिसेल अशा जागी, कधी दिसणार नाही अशा जागी. पक्षी बिळात शिरतो का कचरतो, एवढंच पाहायचं. माणसाला घरटं दिसत असेल तर राघू कचरत होते. दुसऱ्याला काय दिसतंय याचा अंदाज पक्ष्याला येतो का, हा केवढा मोठा प्रश्न, आणि साधन काय, तर उभा राहायला एक माणूस! महागडी यंत्रं नाहीत म्हणून रडणाऱ्या तुझ्या वर्गमित्रांना हे सांग.

नोंदवहीबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण तुझ्या मसुद्यात तिचा उल्लेखच नाही.

कर्नल साइक्सनं दख्खनच्या माशांची वर्णनं 1839 साली प्रसिद्ध केली. मळ्या, मुऱ्या, शिंगाळा, खुद्री ही इथल्या लोकांच्या तोंडची नावं त्यानं शास्त्रीय नावांत घातली, ती आजही चालू आहेत. पुढे 1942 मध्ये फ्रेझरनं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांवर लिहिलं. 1963 मध्ये टोणपी आणि मुल्हेरकरांची यादी आली. फ्रेझरनंतरच्या काळात पानशेत धरण बांधलं गेलं, 1961 मध्ये फुटलं, पुन्हा बांधलं गेलं, शहर वाढलं, सांडपाणी वाढलं. 2003 साली 'करंट सायन्स'मध्ये संजय खरात, नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या माशांत दीर्घकाळात काय बदल झाले ते मांडलं. ते मांडता आलं, कारण आधीच्यांनी लिहून ठेवलं होतं. ज्या मुळा-मुठेवरून साइक्सनं खुद्रीचं, म्हणजे आपल्या महाशीराचं, वर्णन केलं, त्या नदीच्या शहरातल्या पात्रात आज खुद्री शोधून दाखव बरं!

पण 'सापडला नाही' हे वाक्य फार फसवं असतं. पाग (फेकजाळं) मारून सापडला नाही, की मारलाच नाही? खडकाळ खळाळात पाग नीट बसत नाही, दगडांवर अडकतो आणि खालून मासा निसटतो. जाळ्याचा आस, म्हणजे भोक, मोठा असेल तर बोटभर मासा तुझ्या यादीत येणारच नाही, आणि उद्या कुणी म्हणेल की ओढ्यात लहान मासे नव्हते. म्हणून दर फेरीला वहीत हे हवंच: जागा (जीपीएसचे आकडे, आणि जवळचा पूल, झाड, देऊळही, कारण मोबाईलवर सगळा भरवसा टाकू नये), वेळ, जाळ्याचा प्रकार आणि आस, पाग किती वेळा टाकला, पाणी किती खोल, किती गढूळ, तापमान, आदल्या दिवशी पाऊस झाला का, वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं का. पाग रिकामा आला तर शून्य लिहायचं. मुलं शून्य लिहायला का कचरतात कळत नाही. काही लिहिलंच नाही तर तुझ्यानंतर येणाऱ्याला काय समजायचं, मासा नव्हता की तू कंटाळून चहाला गेलीस? आणि वही पेन्सिलीनं लिही. शाई पाण्यात जाते.

बरणीतल्या चिठ्ठीचंही तेच. जाड कागद, पेन्सिल, आणि चिठ्ठी बरणीच्या आत. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी दोन पावसाळ्यांत गळते आणि आतला मासा कुणाचा न कुठला होऊन बसतो. दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये पक्का झाला की सत्तर टक्के अल्कोहोलात हलव. फॉर्मॅलिननं डीएनए खराब होतो, तेव्हा परातला इवलासा तुकडा आधीच कापून शुद्ध अल्कोहोलात ठेवून दे. आज तुला त्याचा उपयोग नाही, पुढे कुणाला होईल. ओळखीबद्दल शंका असेल त्या जातीचा नमुना आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात दाखव, आणि ते ठेवून घेत असतील तर तिथेच दे. कॉलेजच्या कपाटाचा भरवसा धरू नकोस, हेड बदलले की बरण्या जातात.

मारायचे मासे किती, हे आधी तुझ्या मार्गदर्शक मॅडमबरोबर ठरव आणि त्यापुढे एकही नाही. बाकीचे ओल्या हातानं धरायचे, तोंडापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजायचे, सोडायचे. फार वळवळत असतील तर पाण्यात लवंगेच्या तेलाचा थेंब चालतो. पहिल्या पावसात अंड्यांनी भरलेले चढणीचे मासे दिसतील. आमच्या कोकणात वळगणीला, म्हणजे याच चढणीच्या वेळी, लोक ते टोपल्यांनी पकडतात आणि मग दरवर्षी मासा कमी झाला म्हणून हळहळतात. तू ते फक्त मोज.

या चढणीबद्दल सगळ्यात जास्त माहिती मुठेकाठच्या भोयांकडे आणि कातकऱ्यांकडे आहे. कुठला मासा कधी वर चढतो, कुठल्या डोहात दडतो, कुठली जात आता दिसेनाशी झाली, हे त्यांना विचार, आणि विचारलंस की प्रकल्पात त्यांचा उल्लेख कर. 'स्थानिकांच्या मते' असं मोघम लिहून माणूस गाळू नकोस. कुणी दिवसभर पाग मारून दिला तर त्याला मजुरी द्यायची. तुझ्या संशोधनापायी त्याचा रोज बुडता कामा नये. कॉलेज देत नसेल तर मी पाठवीन, त्यात संकोच नको.

छापण्याची घाई मला तुझ्या मसुद्यात दिसतेच आहे. फी भरली की आठवड्यात छापून देणारी नियतकालिकं बाजारात पोत्यानं मिळतात. त्यात छापण्यापेक्षा न छापलेलं बरं. काम नीट झालं तर 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा'सारख्या ठिकाणी पाठवता येईल. तिथले परीक्षक छळतील, आणि ते छळणंच तुला उपयोगी पडेल. शेवाळ खाणाऱ्या बोटभर माशावरचा लेख त्यांनी परत पाठवला तरी वही तुझ्याकडे राहतेच.

आता जिवाची गोष्ट. धरणाखालच्या पात्रात एकटी उतरू नकोस. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो, पण तो ऐकू येईलच असं नाही. शहरातल्या मुठेत हातमोजे आणि गमबूट घातल्याशिवाय पाय घालू नकोस, जखम असेल तर मुळीच नको. ताम्हिणीच्या बाजूला गेलीस तर अभयारण्याची हद्द लागते, तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय जाळं टाकलंस तर तो गुन्हा ठरेल.

धरणांच्या पाण्यात मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. पहिला पाग टाकण्याआधी तिथल्या चेअरमनना आणि ओढ्याकाठच्या गावच्या सरपंचांना जाऊन भेट, कॉलेजचं पत्र दे, काय करणार आहेस ते मराठीत सांग. हे मेच्या अखेरीआधी उरकायला हवं, कारण पाऊस सुरू झाला की ती माणसं शेतात आणि नदीत असतात. नवा मसुदा दोन पानांतच लिही आणि या भेटींआधी मला पाठव.

तुझा,
मामा