उसाच्या खोडकिडीचा पतंग : त्याची ओळख आणि त्याचे वेळापत्रक



सुरू लागणीचा ऊस दीड-दोन महिन्यांचा झाला आणि उन्हाचा चटका वाढू लागला, की गट कार्यालयात एकच प्रश्न सुरू होतो, "पोंगे वाळायला लागलेत, कुठलं औषध मारू?" प्रश्न रास्त आहे. पण पोंगा वाळलेला दिसतो तेव्हा किडीचे निम्मे काम उरकलेले असते. अंडी घालून आठवडा-दोन आठवडे लोटलेले असतात, अळी खोडाच्या आत सुरक्षित बसलेली असते आणि वरून मारलेल्या औषधाचा बराच भाग पानांवरच राहतो. म्हणून या लेखात औषधांची यादी न देता, हे सारे घडवून आणणाऱ्या रात्रीच्या पतंगाची माहिती देत आहोत. तो केव्हा काय करतो हे समजले, तर आपण काय केव्हा करायचे हे आपोआप उमगते.

पतंग कसा असतो?

खोडकिडीच्या पतंगाचे शास्त्रीय नाव कायलो इन्फुस्काटेलस. डच कीटकशास्त्रज्ञ स्नेलेन यांनी १८९० साली हे नाव दिले. भारतापासून चीन, इंडोनेशियापर्यंत जिथे ऊस आहे तिथे बहुतेक ठिकाणी हा आढळतो. उसाखेरीज ज्वारी, मका आणि काही गवतांवरही तो जगतो.

दिसायला अगदी साधा. रंग वाळलेल्या काडीसारखा, पिवळसर-तपकिरी. पंख पसरले तर जेमतेम इंचभर किंवा थोडा जास्त. पुढच्या पंखांच्या कडेला बारीक काळसर ठिपके असतात, मागचे पंख पांढुरके. तोंडापुढे चोचीसारखा टोकदार भाग आलेला असतो, ही याची चांगली खूण. दिवसा हा पानाखाली किंवा पाचटात पंख मिटून बसतो. रंग पाचटाचाच असल्यामुळे शेजारी असूनही दिसत नाही. पाणी देताना सरीतून चाललो की पायाजवळून एखादा भुर्रकन उडून दोन हातांवर जाऊन बसतो, तेवढीच त्याची दिवसाची भेट.

त्याचा सगळा व्यवहार रात्रीचा. कोषातून बाहेर पडणे, जोडीदार शोधणे, अंडी घालणे ही कामे अंधारात चालतात. रात्री पाखरांचा धोका नसतो, पण वटवाघळांचा असतो. त्यावरही निसर्गाने तोड दिली आहे. या जातकुळीतल्या पतंगांना पोटाच्या बुडाशी ऐकण्याचे इंद्रिय असते आणि वटवाघळाचा आपल्याला न ऐकू येणारा बारीक आवाज त्यांना कळतो.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. पतंग ऊस खात नाही. नुकसान करते ती त्याची अळी. पतंगाचे आयुष्य फार तर आठवडाभराचे, आणि त्याला एकच काम असते, पुढची पिढी योग्य जागी ठेवून जाणे.

मादीचा वास आणि नराची धाव

अंधारात एवढ्याशा नराला मादी सापडते कशी? वासाने. मादी आपल्या अंगातून एक गंध सोडते. तो आपल्याला कळत नाही, पण नराला वाऱ्यावरून लांबूनही कळतो आणि तो माग काढीत येतो. प्रत्येक जातीचा गंध वेगळा, म्हणून घोटाळा होत नाही.

पतंगांच्या या गंधाचा रासायनिक उलगडा प्रथम रेशीमकिड्याच्या बाबतीत झाला. जर्मन शास्त्रज्ञ बुटेनांट यांनी सुमारे पाच लाख मादी पतंगांपासून तो वेगळा काढला आणि १९५९ साली जाहीर केला. आज आपण शेतात लावतो ते कामगंध सापळे या शोधाचेच फळ. सापळ्यातल्या गोळीला खोडकिडीच्या मादीचा गंध असतो. नर फसून आत येतो आणि अडकतो.

सापळ्याचा पहिला उपयोग मारण्यापेक्षा कळण्याचा आहे. सापळ्यात पतंग दिसू लागले म्हणजे शेतात अंडी पडायला सुरुवात झाली असे समजा. पोंगे वाळण्याच्या आधीच हा निरोप मिळतो. मात्र गोळी खोडकिडीचीच आहे ना, हे घेतानाच विचारा. कांडीकिडीची किंवा शेंडेकिडीची गोळी लावली तर खोडकिडीचा नर तिकडे फिरकणारसुद्धा नाही.

अंडी ते पतंग : महिना-सव्वा महिन्याचा हिशेब

मादी पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते. ती चपटी, दुधी रंगाची असून माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक, तीन ते पाच ओळींत चिकटवलेली असतात. एक मादी अशा पुंजक्यांतून तीन-चारशेपर्यंत अंडी घालू शकते. चार ते सहा दिवसांत अंडी फुटतात.

बाहेर आलेली अळी केसाएवढी बारीक असते. काही अळ्या रेशमाच्या धाग्याला लोंबकळून वाऱ्याबरोबर शेजारच्या रोपावर जातात. सुरुवातीचे काही दिवस त्या पानाच्या आवरणाआड कुरतडतात. नंतर जमिनीलगत कोंबाला बारीक भोक पाडून आत शिरतात आणि वाढीचा गाभाच तोडतात. मधला पोंगा वाळतो तो यामुळे. एका कोंबावर भागले नाही तर तीच अळी दुसऱ्या कोंबाकडे वळते.

पूर्ण वाढलेली अळी पाऊण ते एक इंच लांब, मळकट पांढरी, डोके गडद तपकिरी, आणि पाठीवर जांभळट रंगाचे पाच उभे पट्टे. पट्टे चार असतील तर ती कांडीकिडीची अळी. अळीची अवस्था साधारण तीन ते पाच आठवडे चालते. मग ती खोडातच कोषात जाते. पण त्याआधी एक शहाणपणा करते, पतंगाला बाहेर पडायचे दार करून ठेवते आणि ते पातळ रेशमी पडद्याने झाकते. पाच ते बारा दिवसांत कोषातून पतंग निघतो आणि त्या दारातून बाहेर येतो.

असे एक चक्र साधारण महिना-सव्वा महिन्यात पुरे होते. उष्णता जास्त आणि हवा कोरडी असली की कीड फोफावते. म्हणून मार्च ते जून हा तिचा खरा हंगाम. वर्षाला पाच-सहा पिढ्या होतात. पहिल्या पिढीकडे काणाडोळा केला तर दुसरी पिढी आपल्याच शेतात तयार होते.

पोंगा कशाने वाळला?

प्रत्येक वाळलेला पोंगा खोडकिडीचा नसतो. उपाय करण्याआधी पोंगा हाताने उपसून बघा.

पोंगा सहज उपसून आला, बुडाशी कुजलेला आणि घाण वास येणारा निघाला, कोंबाला जमिनीलगत भोक दिसले, तर ती खोडकीड.

पोंगा सहज निघत नाही, पानांवर ओळीने बारीक भोके दिसतात आणि शेंड्याजवळ फुटवे येऊन झाडूसारखा आकार होतो, तर ती शेंडेकीड.

सगळे बेटच पिवळे पडून वाळते आणि ओढले की मुळांशिवाय हातात येते, तर जमिनीत हुमणी आहे का ते उकरून पाहा. तिथे खोडकिडीचे औषध मारणे म्हणजे पैसे सरीत ओतणे.

नुकसान किती?

ऊस लहान असताना एखादा कोंब गेला तर बेट बाजूने नवा फुटवा देते. पाणी आणि खत वेळेवर असेल तर सुरुवातीची थोडी तूट भरून निघते. म्हणून चार पोंगे वाळलेले दिसले म्हणजे घाबरण्याचे कारण नाही. पण उशिरा आलेला फुटवा वयाने मागे राहतो, तोडणीच्या वेळी बारीक आणि कमी साखरेचा निघतो. आणि कीड जास्त असली तर फुटवेही जातात.

साधा हिशेब करा. समजा, एकरी चाळीस हजार ऊस तोडणीला उभे आहेत आणि एकेकाचे वजन सव्वा किलो. पन्नास टन होतात. त्यातले चार हजार कमी झाले तर पाच टन गेले. त्या पाच टनांसाठी लागणारे बेणे, मशागत, पाणी यांचा खर्च मात्र आपण आधीच केलेला असतो.

त्याच्या वेळापत्रकात आपण कुठे शिरायचे?

पहिली जागा लागणीची. सुरू लागण डिसेंबर मध्यापासून लवकर उरकली, तर उन्हाळ्यापर्यंत कोंब जून होतो आणि अळीचे फावत नाही. जितका उशीर तितका कोवळा ऊस ऐन उन्हात तिच्या हाती सापडतो. लागणीनंतर वरंब्यावर पाचटाचा थर दिला तर जमीन थंड आणि ओलसर राहते. खोडकिडीला नेमके हेच नको असते. खोडव्यात तर पाचट आपोआपच उपलब्ध असते, ते पेटवू नका.

दुसरी जागा अंड्याची. या चार-सहा दिवसांत आपल्या बाजूने काम करतो तो ट्रायकोग्रामा हा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा गांधीलमाशीच्या कुळातला कीटक. त्याची मादी खोडकिडीच्या अंड्यात आपले अंडे घालते. मग त्या अंड्यातून अळीऐवजी ट्रायकोग्रामाच बाहेर पडतो. प्रयोगशाळेत त्याला वाढवतात तेही धान्यातल्या एका पतंगाच्या अंड्यांवर. ती अंडी चिकटवलेले कागद म्हणजेच ट्रायकोकार्ड. शिफारस अशी की लागणीनंतर महिनाभराने सुरुवात करून, दर वेळी हेक्टरी पन्नास हजार या प्रमाणात, दहा-दहा दिवसांनी चार ते सहा वेळा सोडावेत. कार्डाच्या पट्ट्या संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचाव्यात, आणि त्या काळात विषारी फवारणी करू नये. पानाखाली दुधी अंडी दिसली तर पान तोडून नष्ट करा. अंडी काळी झालेली दिसली तर हात लावू नका, आत आपला मित्र आहे.

तिसरी जागा अळीची आणि कोषाची. वाळलेले कोंब नुसते उपसून बांधावर टाकू नका. अळी बऱ्याचदा बुडातच राहते. कोंब जमिनीखाली विळ्याने कापून अळीसकट नष्ट करा. दीड महिन्याच्या सुमारास बाळबांधणी करा. बुडाला माती लागली की अळीची आत शिरण्याची जागा आणि पतंगाचे बाहेर पडण्याचे दार, दोन्ही बुजतात. या कामाला औषधाचा खर्च शून्य.

रासायनिक औषध सर्वात शेवटी. शंभर कोंबांत पंधराच्या आसपास पोंगे वाळलेले आढळले तरच त्याचा विचार करावा. पूर्वी सर्रास वापरलेल्या एंडोसल्फानवर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आणि फोरेटचा वापर २०२० अखेर बंद झाला. घरात जुना डबा पडला असेल तरी तो वापरू नये. सध्या कोणते औषध चालते आणि प्रमाण किती, हे शेतकी विभागाला विचारून आणि डब्यावरचे लेबल वाचून ठरवावे.

शेवटची गोष्ट सहकाराची

पतंगाला बांध कळत नाही, सात-बारा कळत नाही. एका सभासदाने कोंब कापले, कार्ड लावले आणि शेजाऱ्याने वाळलेले पोंगे तसेच ठेवले, तर महिनाभराने शेजारचे पतंग रात्रीतून इकडे येणार. म्हणून एका शिवारातल्या, एका पाणीवाटपातल्या सभासदांनी लागणी शक्यतो एकाच पंधरवड्यात कराव्यात, कार्ड एकाच दिवशी लावावेत आणि कोंब कापणीही मिळून करावी. आपण कारखाना एकत्र येऊन उभा केला, तर हे त्यामानाने फारच लहान काम आहे.

या आठवड्यात एवढे करा. सकाळी लवकर उसात जा, पाच ठिकाणी वीस-वीस कोंब मोजा, त्यांत किती पोंगे वाळले ते लिहून ठेवा, आणि दहा-बारा पानांची खालची बाजू उलटून बघा. तो आकडा घेऊन गट कार्यालयात या. नुसते "औषध सांगा" म्हणण्यापेक्षा त्या आकड्यावर आपल्याला जास्त नेमका सल्ला देता येईल.

— शेतकी विभाग