इंजेक्टरची परीक्षा

अमेरिकेत १९८१ साली सुरू झालेल्या ‘फॉर्म्युला एसएई’ स्पर्धेसाठी विद्यार्थी बहुधा मोटारसायकलचे इंजिन बसवून गाडी बांधतात. सुमारे २२ किलोमीटरच्या दमछाक-फेरीपूर्वी एखादे सिलिंडर पेटेनासे झाले, की दोष इंजेक्टरच्या माथी मारला जातो. हा निष्कर्ष घाईचा होय. आधी ठिणगी तपासावी. मग नळीतील इंधनाचा दाब उतरवून (गरम इंजिनावर पेट्रोल उडाल्यास आग लागते) संशयित इंजेक्टर शेजारच्याशी बदलावा. तारा मात्र जागच्या जागी ठेवाव्यात. दोष इंजेक्टरमागे गेला, तर तो चोंदलेला तरी असतो किंवा त्याचे वेटोळे तुटलेले असते. दोष जागीच राहिला, तर तारा व जोडण्या तपासाव्यात. सर्वच सिलिंडरांना इंधन अपुरे पडत असेल, तर पंप व गाळणीबरोबर बॅटरीही पाहावी. तिचा व्होल्टेज उतरला, की इंजेक्टरची झडप उशिरा उघडते.