३६ जिल्हे आणि एक रिकामी ओळ

चि. सई हिस,


तुझा प्रोग्रॅम चालवून पाहिला. नोंदणीच्या फाइलीतली एकेक ओळ घ्यायची, तिच्यातला जिल्हा ३६ नावांच्या लिस्टशी ताडत बसायचा आणि जुळला की 'सापडला' या व्हेरिएबलमध्ये ट्रू टाकायचं. उत्तरं बरोबर येतात. तरीही ते आतलं लूप काढून टाक. त्या ३६ नावांचा सेट कर आणि जिल्हा त्यात आहे का, एवढंच विचार. पायथनमध्ये ते 'इन' या एका शब्दाचं काम आहे. लूप गेलं की ते व्हेरिएबलही जाईल आणि ते पुन्हा फॉल्स करायचं राहिलं की होणारा घोटाळाही.

वेगासाठी म्हणत नाही. ३६ नावांत लिस्ट काय नि सेट काय, फरक कळणारही नाही. पण उद्या हेच काम गावांच्या नावांवर करायला सांगतील. महाराष्ट्रात गावं ४० हजारांच्या वर. ५ हजार नोंदी तेवढ्या लिस्टमध्ये शोधायच्या तर वाईटात वाईट २० कोटी तुलना. सेट असा शोधत नाही. तो नावावरूनच एक आकडा काढतो, त्याला हॅश म्हणतात, आणि पोस्टात पत्रं लावणाऱ्या माणसासारखा थेट त्या खणाशी जातो. बाकीच्या खणांकडे बघायचं त्याला कारणच नसतं.

खरी कमाई आहे वजाबाकीत. नववीत पहिल्याच प्रकरणात संच शिकलीस, ते आता कामाला येतील. फाइलीत आलेल्या जिल्ह्यांचा एक सेट, मान्य जिल्ह्यांचा दुसरा. पहिल्यातून दुसरा वजा केलास की चुकीची नावं हातात. इथवर सगळे येतात. उलटी वजाबाकी मात्र फारसं कुणी करत नाही, ती तू कर. मान्य जिल्ह्यांतून आलेले वजा केल्यावर गडचिरोली उरला, तर तिथून एकही नोंद आलेली नाही. कदाचित तिथल्या कुणी भाग घेतलाच नसेल, कदाचित त्या जिल्ह्याची अख्खी शीट जोडायची राहिली असेल. ओळ न् ओळ तपासून हे कधीच कळणार नाही, कारण आलेली प्रत्येक ओळ बरोबरच असते. हाच प्रयोग शीर्षकाच्या ओळीवर सगळ्यात आधी कर: हवे असलेले कॉलम वजा आलेले कॉलम. काही उरलं तर पुढे वाचूच नकोस.

मान्य जिल्हे कोडमध्ये लिहू नकोस, वेगळ्या टेक्स्ट फाइलीत ठेव. यादी बदलते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं आली, २०२४ मध्ये अहिल्यानगर. जुनं नाव भरणाऱ्याला चूक ठरवू नकोस. जुन्यावरून नवं नाव देणारी छोटी डिक्शनरी ठेव, काम भागेल.

ही यादी वाचताना प्रत्येक ओळीला स्ट्रिप लाव, नाहीतर नावाच्या शेपटाला नव्या ओळीचं चिन्ह चिकटून राहतं आणि एकही जिल्हा जुळत नाही. ही चूक निदान आरडाओरडा करते. दुसरी गप्प बसते. यादीच्या शेवटी एखादी रिकामी ओळ असते, स्ट्रिप झाल्यावर तिची रिकामी स्ट्रिंग होते आणि ती सेटमध्ये जाऊन बसते. मग ज्याने जिल्ह्याचा रकाना मोकळा सोडला, त्याची नोंदही वैध! सेटची लांबी छापून बघ. ३७ आली तर काय झालंय ते समज.

तालुक्यांचा नुसता सेट चालणार नाही. कर्जत रायगडमध्ये आहे आणि अहिल्यानगरमध्येही, खेड पुण्यात आहे आणि रत्नागिरीतही. रत्नागिरी जिल्हा, कर्जत तालुका अशी नोंद आली तर दोन्ही नावं आपापल्या सेटमध्ये सापडतील आणि चूक सुखरूप पार होईल. म्हणून जिल्हा-तालुका अशी जोडी टपलमध्ये बांध आणि जोड्यांचा सेट कर. लिस्टमध्ये बांधलीस तर पायथन 'अनहॅशेबल' म्हणून अडेल. लिस्ट मागाहून बदलता येते, आणि जी बदलू शकते तिचा खण तो ठरवणार कसा?

आता मराठी फाइलींचं खास दुखणं. कऱ्हाड हा शब्द कुणी एकसंध ऱ वापरून टाइप करतं, कुणी र ला नुक्ता देऊन, तर कुणी र् नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही जवळपास सारखे दिसतात. लांबी विचारलीस तर पहिला सहा सांगतो, उरलेले दोन सात. सेटच्या लेखी ही तीन वेगळी गावं. युनिकोडडेटा मोड्यूलमधलं एनएफसी नॉर्मलायझेशन पहिल्या दोघांना एक करतं, तिसऱ्याला हात लावत नाही. ते अदृश्य चिन्ह तुलाच बदलावं लागेल. कुठलीही सफाई कर, पण मान्य यादी आणि आलेली फाइल दोघांवर तीच कर. एका बाजूची आंघोळ झाली नि दुसरीची राहिली की गेलं. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह केलेल्या फाइलीच्या तोंडाशीही एक अदृश्य चिन्ह असतं. पहिल्याच कॉलमचं नाव त्याने बिघडतं आणि स्ट्रिपने ते जात नाही. फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' दे. ओळी स्वल्पविरामावर तोडू नकोस, पत्त्यात स्वल्पविराम असतातच. सीएसव्ही मोड्यूल त्यासाठीच आहे.

सेटच्या दोन खोडी लक्षात ठेव. तो दुबार नोंदी मुकाट्याने गिळतो, म्हणून नोंदणी क्रमांक 'पाहिलेले' या सेटमध्ये आहे का ते आधी विचार आणि मगच आत घाल. आणि कुठलं नाव कुठल्या ओळीतून आलं हे तो विसरतो. वजाबाकीने चुका आहेत का ते कळतं, त्या कुठे आहेत हे सांगायला ओळींचं लूप लागतंच. तिथे ओळ क्रमांक छाप, शीर्षक धरून मोज, म्हणजे एक्सेलमधल्या क्रमांकाशी जुळेल. सेट छापताना सॉर्ट करून छाप, नाहीतर दर वेळी क्रम वेगळा येऊन तू उगाच गोंधळशील.

'नाशीक' आलं तर परस्पर 'नाशिक' करून टाकायचा मोह होईल. ते करू नकोस. अंदाजाने दुरुस्त करणारा प्रोग्रॅम मला अडून बसणाऱ्यापेक्षा धोक्याचा वाटतो.

पुढच्या वेळी प्रोग्रॅम पाठवू नकोस, त्याने छापलेली चुकांची यादी पाठव. कॉम्प्युटर न शिकलेल्या तुमच्या ऑफिसातल्या बाईंना ती वाचून कुठली ओळ दुरुस्त करायची ते कळलं पाहिजे.

तुझी,
आत्या