उजव्या हातावर मोजा म्हणायचं

अगं, निदान ऐकल्यापासून तुझी झोप उडालीये, ते साहजिकच आहे. पण आता जरा माझं ऐक. तुला झालेल्या ताकायासू आजारात आपलीच प्रतिकारशक्ती महाधमनीवर आणि तिच्या फाट्यांवर उठते. रक्तवाहिन्या सुजतात, जाड होतात, आतली वाट अरुंद होते. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या वाहिन्याही त्यातच आल्या, म्हणून ऐन तरुण वयात पक्षाघाताचं भय. जपानच्या डॉ. मिकितो ताकायासूंनी 1908 मध्ये ज्या रुग्णाची माहिती मांडली, तीही 21 वर्षांचीच मुलगी होती.

मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती तुझ्या बीपीची. तुझ्या डाव्या हाताची नाडी धड लागत नाही. तिथे पट्टा बांधला की 100 दिसेल आणि सगळे म्हणतील, "उत्तम आहे हो!" त्याच वेळी उजव्या हातावर 160 असू शकतं. मेंदूवर घाला घालतं ते हे दडलेलं बीपी. म्हणून कुठल्याही दवाखान्यात, अगदी दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा, बाही वर करण्याआधी स्पष्ट सांगायचं, "उजव्या हातावर मोजा." भीड धरू नकोस. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहूनच ठेव. दोन्ही हातांत अडथळा असला तर मांडीवर पट्टा बांधून मोजतात. आकडा वाढला म्हणून मनाने गोळी मात्र वाढवायची नाही. मानेतली वाट अरुंद असताना बीपी एकदम उतरलं, तरी मेंदूला रक्त कमी पडतं. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर डॉक्टरांना लगेच कळव.

स्टेरॉइडने चेहरा सुजलाय, लग्नाकार्यात बायका टोकतात, कळतं गं मला. तरी गोळ्या परस्पर बंद करू नकोस, अचानक थांबवणं जिवावर बेततं. आणि बाळाचा विचार असेल तर दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोल. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ती कितीतरी आधी थांबवावी लागते.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, एका डोळ्याने दिसेनासं झालं, तर घरचे "वारं गेलं" म्हणत तेल चोळत बसतील. बसू देऊ नकोस. दोन मिनिटांत बरं वाटलं तरी 108 ला फोन करून सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही डॉक्टर तपासून ठरवतात. म्हणून त्रास किती वाजता सुरू झाला, हे सोबतच्या माणसाला सांगता आलं पाहिजे. तेव्हा तुला बोलता येईलच असं नाही. आज जेवताना घरातल्या सगळ्यांना हे समजावून सांग, माझ्यासाठी एवढं कर.