मेमू गाडी

चाळीसगाव हे जळगाव जिल्ह्यातले मोठे जंक्शन आहे. मुंबई-भुसावळ मार्गावरच्या या जंक्शनातून एक फाटा धुळ्याला जातो. तो सुमारे ५६ किलोमीटरचा आहे. वाटेत जामदा, राजमाने, मोरदड तांडा, शिरूड, बोरविहीर अशी लहान स्टेशने लागतात. धुळे हे फाट्याचे शेवटचे स्टेशन.

या मार्गावर मेमू गाडी धावते. ती पाहून एका आजोबांनी आम्हाला विचारले, "हिला इंजिन कुठंय? मंग ही चालते कशी?"

आजोबांचा प्रश्न अगदी बरोबर आहे. मेमूला वेगळे इंजिन नसते. साधारण चार डब्यांचा एक गट असतो. त्यात एक मोटरडबा आणि तीन साधे डबे असतात. दोन गट जोडले, की आठ डब्यांची गाडी होते. मोटरडब्याच्या टपावर एक दांडा असतो. तो वरच्या तारेतून वीज घेतो. त्या विजेवर चाकांजवळच्या मोटरी फिरतात.

चढावर बैलगाडी अडली, तर काय करतात? पुढून बैल ओढतात, मागून गडी खांदा लावतात. मेमूचेही तसेच आहे. पुढचा मोटरडबा ओढतो, मागचा ढकलतो. म्हणून गाडी थांबली तरी पुन्हा लवकर वेग घेते. थोड्या थोड्या अंतरावर थांबणाऱ्या गाडीला हा गुण फार उपयोगी पडतो.

दुसरा फायदा पाहा. पूर्वी गाडी धुळ्याला पोचली, की इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला न्यावे लागे. मेमूला दोन्ही टोकांना चालकाची खोली असते. चालक या टोकाकडून त्या टोकाला जातो, की गाडी परत निघायला तयार! नव्या धर्तीच्या मेमूत आणखी एक सोय असते. ब्रेक लावताना तिच्या मोटरी वीज तयार करतात आणि ती तारेत परत देतात.

विजेची गाडी आपल्या राज्याला नवी नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला अशी धावली. त्या लोकलचीच मेमू ही लांब पल्ल्याची बहीण.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे देशभरच्या प्रवासी गाड्या थांबल्या. डिसेंबर २०२१ मध्ये धुळे-चाळीसगाव मार्गावर मेमू सुरू झाली. त्या वेळी एस.टी. कामगारांचा संप चालू होता. अशा दिवसांत गरिबाने बाजाराला, दवाखान्यात, कॉलेजात जायचे कसे? लहान स्टेशनावर थांबणाऱ्या गाडीची किंमत अशा वेळी कळते. बऱ्याच जलद गाड्या लहान स्टेशनांवर थांबत नाहीत. मेमू थांबते.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. वरच्या तारेत २५,००० व्होल्टची वीज असते. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. या तारेला हात लावायचीही गरज नाही. फार जवळ गेले, तरी वीज अंगावर झेप घेते. म्हणून :

१. गाडीच्या टपावर कधीही चढू नका.
२. लांब पाइप, बांबू, लोखंडी सळई रुळांजवळ उभी धरू नका. आडवी धरा.
३. फाटकाजवळ उंचीची कमान असते. कडब्याची वा कपाशीची गाडी तिला लागत असेल, तर पुढे नेऊ नका. भार कमी करा.
४. तार तुटून खाली पडलेली दिसली, तर दूर राहा आणि स्टेशनात कळवा.

मेमूने आपला वेळ वाचतो, पैसा वाचतो. जीवही जपला पाहिजे. तो आपल्याच हाती आहे.

वाचा आणि सांगा :
१. मेमूला वेगळे इंजिन का लागत नाही?
२. धुळ्याला गाडी लवकर परत का फिरते?
३. लांब पाइप घेऊन रूळ ओलांडताना तुम्ही काय कराल?
४. तुमच्या स्टेशनावरचा वेळापत्रकाचा फलक वाचा. पहिली गाडी किती वाजता आहे, ते वहीत लिहा.